पगार सोडून बोला

पगाराचा आकडा हल्ली बायोडेटातच छापलेला असतो, त्यामुळे लग्नाच्या बैठकीत त्यावर कुणी वेळ घालवत नाही. पोहे होतात, चहा होतो, हवापाण्याच्या गप्पा होतात. मग मुलीचा मामा खुर्ची जरा पुढे ओढतो आणि ज्यासाठी त्याला मुद्दाम आणलेलं असतं तो प्रश्न विचारतो, "बरं, आणि बाकी काय काय मिळतं?"

या 'बाकी'त टेबलाखालचं काही धरायचं नाही. त्यावर लिहायला लेखक धाडसी लागतो आणि संपादक निवृत्तीला टेकलेला. मामा विचारतो आहे ते कागदोपत्री, नियमात बसणारं, शिक्क्याचं फुकट. क्वार्टर आहे का, पास आहे का, कॅन्टीनमध्ये थाळी किती रुपयांना मिळते, दवाखान्यात आईवडील धरतात का. आणि तो ते भाचीसाठी विचारतो आहे अशा भ्रमात राहू नका. पगार ज्याचा त्याचा असतो. तो खात्यात येतो आणि हप्त्यात जातो. सवलत मात्र गोतावळ्याची असते. नोकरी एकानं करायची आणि 'आमचा एक जण आहे तिथे' असं चौदा जणांनी सांगायचं, ही आपली जुनी वाटणी आहे. म्हणून शहाणं मराठी कुटुंब आपली माणसं वेगवेगळ्या खात्यांत पेरतं. एक रेल्वेत, एक बँकेत, एक वीज मंडळात, एक औषधांच्या धंद्यात. पोलिसात एखादा लांबचा असला तरी चालतो, किंबहुना लांबचाच बरा.

यात सगळ्यात वरचा मान रेल्वेचा. आमचे भाऊकाका परळच्या वर्कशॉपात फिटर होते. रेल्वेच्या क वर्गातल्या माणसाला पाच वर्षं नोकरी झाली की वर्षाला पासाचे तीन सेट मिळतात आणि वर चार पीटीओ. पीटीओ म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत प्रवास. एवढं ऐकलं की खासगी नोकरीतला माणूस हळहळतो. त्याला हे माहीत नसतं की पास फुकट असला तरी बर्थ वेटिंगवरच असतो आणि रजा तर वेटिंगवरही नसते. पास तीन आणि रजा नाही, असा रेल्वेवाल्याचा संसार. त्यात वर्षाचे पास वर्षातच काढावे लागतात. डिसेंबर उजाडला की रेल्वेच्या वसाहतीत घरोघर एकच वाक्य ऐकू येई, "एक सेट बुडतोय." कुणी आजारी असल्यासारखं काकी ते खालच्या आवाजात सांगत. मग पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं सगळं डब्यांत भरून मंडळी कन्याकुमारीला जात, समुद्रात पाय बुडवत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघत. पास वाचला याचं समाधान मोठं होतं. कन्याकुमारी कुठे पळून जाणार होती?

काकांनी असा सगळा देश पाहिला. पाहिला म्हणजे रुळांवरून दिसला तेवढा. रामेश्वरचं देऊळ कसं आहे विचारलं तर ते पांबनच्या पुलावर सुरू होत. १९१४ चा पूल, मधला भाग जहाजासाठी कसा उघडायचा, गाडी त्यावरून किती हळू न्यायचे. देवळाबद्दल "मोठं आहे" एवढंच. वाराणसीचा विषय काढला की मुगलसराय यार्ड. पण या माणसानं महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं. मुंबईहून एक रात्र लागते, पण तिथे रेल्वे जात नाही, आणि जिथे रेल्वे जात नाही तिथे पैसे भरून जायचं हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पुढे त्यांच्या धाकट्या मुलीला एसटीतलं स्थळ आलं. कंडक्टर. घरात सगळ्यांना वाटलं, महाबळेश्वरचा प्रश्न सुटला. पण सासरा हा प्राणी एसटीच्या पासाच्या नियमात बसत नाही असं कळलं आणि काका जावयावर काही दिवस नाराज होते. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारनं पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांनाच एसटी मोफत केली आणि काका निघाले. काकी पंच्याहत्तरीच्या अलीकडच्या, त्यांना अर्धं तिकीट. ते काढताना काकांचा हात थरथरत होता असं जावई सांगतो, कारण लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली तरी त्यांनी बायकोचं तिकीट असं कधी काढलेलंच नव्हतं. परत आल्यावर आम्ही विचारलं, कसं आहे महाबळेश्वर? "डोंगर चांगले आहेत," काका म्हणाले, "पण स्टेशन नाही."

जावयाचं दुःख निराळंच आहे. एसटीत कर्मचारी प्रवासाला बसला की कंडक्टर जवळ आल्यावर मान किंचित वाकडी करून एकच शब्द म्हणायचा, "स्टाफ." त्या एका शब्दात काय रुबाब होता! शेजारचा प्रवासी सुट्ट्या पैशांसाठी खिसे चाचपत असायचा आणि तो वळून बघायचा. आता पंच्याहत्तरच्या पुढे फुकट, पासष्टच्या पुढे अर्धं, आणि मार्च २०२३ पासून समस्त महिलावर्गाला अर्धं. "पूर्ण तिकिटाचा माणूस शोधावा लागतो," जावई म्हणतो. "अर्धी गाडी स्टाफच झालीय." सवलतीची चव ती दुसऱ्याला नसण्यात असते. सगळ्यांनाच मिळाली की तिचा सरकारी निर्णय होतो.

बँकेतल्या माणसाची गंमत अशी की त्याला मिळतं एक आणि लोक मागतात भलतंच. त्याला मिळतं कमी व्याजाचं घरकर्ज. ते नातेवाइकांच्या काही कामाचं नाही. त्यांना हव्या असतात कोऱ्या नोटा. लग्नसराई आली, दिवाळी आली की बँकेतल्या मेव्हण्याला फोन जातो, "दहाच्या नोटांचं एक बंडल बघ ना, करकरीत." आहेराचं पाकीट, भाऊबीजेची ओवाळणी, भटजींची दक्षिणा, सगळ्याला कोरी नोट लागते. लक्ष्मी जुनी चालते, पण चुरगळलेली चालत नाही. मेव्हणा कॅशियरला विनवून ते बंडल आणतो, स्वतःच्या खात्यातून हजार रुपये काढून. ते हजार त्याला लगेच परत मिळतात असं नाही. शिवाय डिसेंबरअखेर बँकेची कॅलेंडरं वाटायची. भिंतीवर कालनिर्णय असतंच, ते १९७३ पासून आहे, ते काढायची कुणाची प्राज्ञा नाही. तरी बँकेचं कॅलेंडर हवं असतं. ते दाराच्या मागे लागतं, आणि 'आमच्याकडे आलं नाही यंदा' हे वाक्य पुढच्या गणपतीपर्यंत ऐकवता येतं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बाद केल्याचं जाहीर झालं आणि नऊ वाजायच्या आत हा मेव्हणा घराण्यातला सर्वांत लाडका माणूस झाला. जे त्याला साखरपुड्याला बोलवायला विसरले होते त्यांनीही तब्येतीची चौकशी केली. तो बिचारा पुढचे पन्नास दिवस रात्री दहाच्या आत घरी आला नाही.

त्या कमी व्याजाच्या कर्जावरही आता प्राप्तिकर आहे. स्टेट बँकेच्या दरापेक्षा जेवढं व्याज कमी, तेवढा तुमचा फायदा, आणि फायदा म्हणजे उत्पन्न. बँक अधिकाऱ्यांच्या संघटना याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि मे २०२४ मध्ये तिथे हरल्या. मेव्हणा म्हणाला, "घ्या कर. पण मग त्या नोटांच्या बंडलांपायी दरवर्षी जे माझे बुडतात, ते वजा करा." अशी वजावट कायद्यात नाही.

केंद्र सरकारी नोकराचं वैभव म्हणजे एलटीसी. चार वर्षांचा एक गट, त्यात मूळ गावी जायचं भाडं, आणि एकदा भारतात कुठेही. यातलं मूळ गाव ही मोठी रम्य भानगड आहे. ते नोकरीला लागल्यावर लिहून द्यायचं असतं आणि अख्ख्या नोकरीत फार तर एकदा बदलता येतं. माणूस जन्मला ठाण्यात, वाढला ठाण्यात. पण मूळ गाव म्हणून लिहितो आजोबांनी सोडलेलं रत्नागिरीतलं एक खेडं. ठाण्याहून ठाण्याला जायचं भाडं कोण देणार? त्या खेड्यात यांचं कुणी राहिलेलं नसतं. गेले तर ग्रामस्थ पाणी देतात आणि 'कोणाकडे?' विचारतात.

त्यातून सरकारनं वाट काढली. मूळ गावाच्या बदल्यात ईशान्य भारत, काश्मीर किंवा अंदमानला जा, तेही विमानानं. मराठी कारकून अंदमानकडे वळला. इतर प्रांतांतले लोक तिथे किनाऱ्यासाठी जातात. आपला माणूस उतरल्या उतरल्या सेल्युलर जेलला जातो, सावरकरांच्या कोठडीसमोर उभा राहतो, मुलांना गप्प करतो, डोळे पुसतो आणि मग सरकारी खर्चानं ग्लास बॉटम बोटीत बसतो. परत आल्यावर आमच्या एका परिचितांची बोर्डिंग पास हरवल्यामुळे बिलावरून सात महिने पत्रापत्री चालली होती. तिच्या फायलीची जाडी बघून वाटे, यांनी सेल्युलर जेलचा इतिहास लिहायला घेतलाय.

पण मला विचाराल तर सवलतीचा अस्सल मराठी अवतार साखर कारखान्याच्या सभासदाकडे बघावा. तो नोकर नाही, मालक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून ऊस घालणारा शेतकरी हा कारखान्याचा धनी. धन्याला काय मिळतं? उसाचा दर, तो कधी मिळेल ते देवाला ठाऊक. आणि सवलतीची साखर, ती मात्र कार्डावर, शिक्का मारून, गोडाऊनपुढे रांगेत उभं राहून. वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जात असतो तेव्हा मंडळी तंबाखू मळत असतात. कर्जाचे आकडे येतात, जातात. को-जनरेशनचा विषय येतो, जातो. मग मागून एक आवाज येतो, "चेअरमनसाहेब, दिवाळीची साखर किती?" आणि मंडप एकदम जागा होतो.

ही साखर खाऊन संपत नाही. लेकीकडे एक पिशवी, सुनेच्या माहेरी एक, पुण्याला शिकणाऱ्या नातवाच्या खोलीवर एक. पुण्यातल्या त्या खोलीत चार मुलं राहतात आणि चौघांचेही आजोबा सभासद. पलंगाखाली साखरेचं गोडाऊन आणि मुंग्यांचं राज्य. आमच्या ओळखीचे एक आप्पा आहेत, सांगली भागातले. त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, साखर पूर्ण बंद. आप्पा म्हणाले, "बंद करतो, पण कार्ड बंद करणार नाही. खायची साखर वेगळी आणि हक्काची वेगळी." डॉक्टरांना ते पटलं, कारण ते स्वतः त्याच कारखान्याचे सभासद होते.

हा हक्काचा प्रकार काही कारखान्यांनी आणला नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. ते वाचलं तर जुनं गाव म्हणजे सवलतींचंच एक मोठं खातं वाटतं. पाटलाला चांभाराकडून जोडा, तेल्याकडून तेल, होळीला पहिली पोळी, पोळ्याला पहिला बैल. जोडा तर जोडा, पण पहिल्या बैलावरून भावकीत डोकी फुटत, आणि खटले पिढ्यान्‌पिढ्या चालत. पैशात मोजली तर त्या मानाची किंमत शून्य. म्हणूनच तर भांडण. पैशाचं असतं तर मिटलं असतं. १९६२ च्या कायद्यानं पाटलांची वतनी पदं गेली, पण पोळ्याच्या दिवशी कुणाचा बैल पुढे हे अजून काही गावांत सरपंचालाही ठरवता येत नाही.

त्याच वतनाची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. पाटलाला जे मानाचं भूषण, तेच महाराच्या गळ्यातलं दावं होतं. सरकारचं आणि गावाचं पडेल ते काम रात्रंदिवस करायचं आणि मोबदल्यात तुकडा जमीन, दारोदार मागून आणलेलं बलुतं. आणि वर 'तुमचा हक्क आहे तो' असं ऐकून घ्यायचं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, त्यात बलुत्याऐवजी रोख रक्कम ही एक मागणी होती. पगाराच्या जागी सवलत देणारा कोण आणि घेणारा कोण, यावर सगळं असतं.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना दिवाळीत एका घरातून साडी देऊ केली गेली. साडी बरी होती, एकदाच नेसलेली. मावशींनी ती उलगडून पाहिली, पुन्हा नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "ताई, साडी असू द्या तुम्हालाच. माझे खाडे तेवढे कापू नका." त्या घरात अजून कुणाला याचं उत्तर सुचलेलं नाही.

हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत मात्र सवलत कुणी नाकारत नाही. कॉफी फुकट, फळं फुकट, पिंगपाँगचं टेबल, पिशवीसारख्या खुर्च्या ज्यात एकदा बसलं की उठता येत नाही. रात्रीचं जेवणही फुकट, पण ते आठनंतर लागतं. म्हणजे साडेसहाला घरी जाऊ शकणारा माणूस जेवणासाठी थांबतो, थांबलाच आहे तर एक काम उरकतो, आणि कंपनीला दोनशे रुपयांच्या पनीरमध्ये दीड तासाचा इंजिनियर पडतो. पाटलाला हा हिशोब सुचला असता तर त्यानं गावजेवणं रोज घातली असती.

या नोकरीतली खरी सवलत म्हणजे टी-शर्ट. प्रकल्प सुरू झाला की टी-शर्ट, संपला की टी-शर्ट, बंद पडला तर जॅकेट. ते ज्याला मिळतात तो घालत नाही. त्याचे वडील घालतात. सकाळी सहाला तळजाई टेकडीवर जाऊन बघा. महापालिकेतून, पोस्टातून, शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ छातीवर अमेरिकेतल्या कंपन्यांची नावं मिरवत चालत असतात. क्लाउड म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, पण पाठीवर लिहिलेलं असतं की आम्ही तो बांधतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅगा आईकडे जातात. बॅगेत मेथीच्या दोन जुड्या उभ्या राहतात आणि जिथे माउस ठेवायचा त्या कप्प्यात मिरच्या-कोथिंबीर बरोबर बसते.

इतर धंद्यांचं थोडक्यात. डॉक्टरच्या घरातलं पेन, पॅड, घड्याळ, चहाचा मग, सगळ्यांवर पित्ताच्या गोळीचं नाव असायचं. २०२४ च्या औषध कंपन्यांसाठीच्या आचारसंहितेनं भेटवस्तूंना मनाई केली आणि डॉक्टर मंडळी पेन विकत घ्यायला लागली. शिक्षकाला मे महिन्याची सुट्टी मिळते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा निवडणुकीची ड्युटी करून बघावी. शिक्षकाची खरी सवलत म्हणजे गावात कुठेही माजी विद्यार्थी भेटतो आणि रिक्षाचे पैसे घेत नाही, पण त्याला शाळेत छड्या मारलेल्या असल्या तर घेतो. लेखकाला शाल मिळते. घरात शाली साठतात, पण पुण्यात थंडी पूर्वीसारखी राहिलेली नाही.

या सगळ्या फुकट गोष्टींवर सरकारचा डोळा आहेच. २००५ मध्ये चिदंबरम यांनी फ्रिंज बेनिफिट टॅक्स आणला, कंपन्यांनी चार वर्षं बोंब मारली, २००९ मध्ये प्रणव मुखर्जींनी तो काढून टाकला. पण सवलतीची किंमत काढून ती नोकराच्या उत्पन्नात धरायची, ही पद्धत कायम आहे. १९६१ च्या जुन्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १७ आणि त्याखालचा नियम ३ हे वाङ्‌मय मी आवडीनं वाचलं आहे. त्यात कंपनीनं दिलेल्या घराची किंमत आहे, गाडीची आहे, माळ्याची, झाडूवाल्याची, रखवालदाराची आहे. जुनी खुर्ची साहेबांनी घरी नेली तर वर्षाला किती टक्के घसारा धरायचा, तेही आहे. बंगल्याच्या आवारातल्या आंब्याच्या झाडाबद्दल मात्र मला एक ओळ सापडली नाही.

आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी बंगल्यात राहणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा, खरी सवलत तीच. इंग्रजांच्या काळात कुणी लावलेलं झाड, मार्चमध्ये कैऱ्यांनी लगडतं. साहेब सकाळी चहाचा कप घेऊन खाली उभे राहतात. बाईसाहेबांची यादी तयार असते: एक पेटी मुंबईला, एक विहिणीकडे, एक शेजारच्या न्यायाधीशांकडे. पण राज्याच्या बदल्यांच्या कायद्यात, तो २००५ चा, बदल्या साधारणपणे वर्षातून एकदाच करायच्या असं लिहिलं आहे, आणि त्यासाठी महिने नेमले आहेत एप्रिल आणि मे.

आदेश शुक्रवारी संध्याकाळी येतो. शनिवारी सकाळी शिपाई झेला घेऊन झाडावर. "पाडाची वाट बघू नका," बाईसाहेब खालून सांगतात, "सगळ्या उतरवा, लोणचं घालता येईल." रविवारपर्यंत झाडावर पानं उरतात. सोमवारी सामानाचा ट्रक निघतो, त्यात सोफ्याच्या आधी बरण्या चढतात. मंगळवारी दुसऱ्या जिल्ह्यातल्या बंगल्याच्या फाटकातून गाडी आत शिरते आणि बाईसाहेब उतरायच्या आधी काचेतून वर बघतात. तिथलं झाडही बोडकं. फाटकाशी माळी हात जोडून उभा असतो. "आधीचे साहेब कालच गेले, बाई," तो सांगतो. "ट्रकात जागा पुरली नाही म्हणून एक बरणी तुमच्यासाठी ठेवून गेलेत. पण मीठ जरा जास्त झालंय."